‘ढ’ ठरलेल्या मुलांचे शास्त्र

(रोहणा येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



मागच्या बाकावरील मुलाला ‘ढ’ म्हणून मोकळे होणे फार सोपे असते. त्याच्या मेंदूत काय घडते आणि त्याच्या घरात काय घडते, या दोहोंचा शोध एकाच अभ्यासकाने घ्यावा, अशी विद्या आज उपलब्ध आहे. मेंदूविज्ञानातील संशोधन आणि मुलांचे चिकित्सा-मानसशास्त्र यांची ही सांगड. खेड्यातील शाळेत मात्र तिचे नाव क्वचितच कानी पडते.

तिची गरज कशी असते, हे हैदराबादच्या एका अभ्यासावरून कळते. चंपकम्, श्रीकांतिया व गोपालन यांनी तो १९६८ साली प्रसिद्ध केला. लहानपणी सुजवटी होऊन बरी झालेली मुले त्यांनी काही वर्षांनी तपासली व तशाच परिस्थितीतील इतर मुलांशी ताडून पाहिली. बुद्धिमापनात ती मागे पडली होती. पण हा फरक आठ-नऊ वर्षांच्या मुलांत अधिक व दहा-अकरा वर्षांच्या मुलांत कमी होता. केवळ मेंदू पाहणारा येथे इजा नोंदवून थांबेल. केवळ वर्तन पाहणारा आईबापांना दोष देईल. भूक, मेंदू आणि शाळा एकत्र पाहणाराच त्या कमी होत जाणाऱ्या फरकाचा अर्थ लावू शकेल.

अशा अभ्यासकाला मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातील देखरेखीखालचे प्रशिक्षण आणि पुढे संशोधन, एवढा लांबचा पल्ला गाठावा लागतो. बंगळूरची ‘निम्हान्स’ १९७४ मध्ये मनोरुग्णालय व शिक्षणसंस्था एकत्र करूनच उभी राहिली. रुग्णकक्ष आणि प्रयोगशाळा तेथे शेजारी आहेत. एवढी वर्षे शिष्यवृत्तीवाचून शेतमजुराची मुलगी कशी काढणार, हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो.

अध्ययन-अक्षम मुलांना महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून परीक्षेत सवलती दिल्या. २०१६ च्या कायद्याने ही अक्षमता दिव्यांगत्वात गणली. परंतु सवलतीआधी प्रमाणपत्र लागते आणि प्रमाणपत्राआधी तपासणी. ती मुलाच्या भाषेत व्हावी लागते. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला शहरी चाचणीतील अनोळखी शब्द अडले, तर तो मेंदूचा दोष नव्हे.

सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय याच जिल्ह्यात १९६९ पासून आहे. तरी आर्वी तालुक्यातील मजूर बाईला कापूस वेचणीच्या दिवसांत दोन खेपा घालायच्या म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवायची. दुसऱ्या खेपेला ती येत नाही, आणि कागद अर्धवट राहतो.