कलामहर्षी बाबूराव पेंटर आणि जीर्णोद्धाराची दृष्टी

(श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धार समारंभानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचे काम पुष्कळसे पुरे होत आले आहे. कोणी रोख रक्कम दिली, कोणी वाळू-खडी दिली, कोणी ट्रॅक्टर दिला. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नव्हते त्याने आठ-आठ दिवस अंगमेहनत केली. या सर्वांचे आभार समितीने मानलेच आहेत. या प्रसंगी कोल्हापूरच्या मातीतील एका थोर कलावंताचे स्मरण करणे उचित ठरेल. ते म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर. देवळाच्या समारंभात सिनेमावाल्याचे नाव कशाला, असे कोणाच्या मनात येईल. परंतु त्यांचे चरित्र पाहिले म्हणजे त्याचा आपल्या कामाशी किती जवळचा संबंध आहे हे ध्यानात येते.

बाबूरावांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म दि. 3 जून 1890 रोजी, कोल्हापुरात. वडील कृष्णराव हे मिस्त्री. लाकूड, दगड आणि हस्तिदंत यांवरील कोरीवकामात त्यांचा हात चालत असे. बाबूरावांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. कोणत्याही कलाशाळेचा दाखला त्यांच्याजवळ नव्हता. घरातील पटाशी, हातोडी आणि रंगाची वाटी हीच त्यांची शाळा. चुलतबंधू आनंदराव हेही तसेच गुणी. 1910 ते 1916 या काळात या दोघा भावांनी रंगविलेल्या नाटकाच्या पडद्यांचे नाव मुंबई इलाख्यात सर्वतोमुखी झाले. केशवराव भोसले यांच्यासारख्या नामांकित नटाच्या संगीत नाटक मंडळीला आणि मुंबईच्या पारशी-गुजराती नाटकवाल्यांनाही त्यांचे पडदे लागत. मेस्त्रींचे ‘पेंटर’ झाले ते या कामामुळेच.

पडदा म्हणजे काय? एक सपाट कापड. त्यावर राजवाड्याचा दिवाणखाना असा काढायचा की लांब बसलेल्या प्रेक्षकाला खांबामागे खांब आणि दालनामागे दालन दिसावे. जवळची रेघ जाड, लांबची बारीक, उजेड एका बाजूने, सावली दुसऱ्या बाजूला. ज्याला घर आतून कसे असते, छत कशावर टेकते, कमान कोठून उचलली जाते हे ठाऊक आहे त्यालाच हे साधते. मिस्त्रीचा मुलगा असल्यामुळे बाबूरावांना ते साधले.

1913 साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला आणि या दोघा भावांना चित्रपटाचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा कॅमेरा आपणच करावयाचा असे ठरले. काम अर्ध्यावर असताना 1916 साली आनंदराव वारले. उजवा हात गेला; परंतु बाबूरावांनी काम टाकले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन त्यांनी तो कॅमेरा 1918 च्या सुमारास पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला भांडवल दिले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. देणगीदारांच्या या सभेत त्या माऊलीचे नाव मुद्दाम घ्यावयास हवे. पडद्यावर बाबूरावांचे नाव दिसले, पण पायात तानीबाईंचा पैसा होता. पायातला दगड कोणाला दिसत नाही. पण भिंत त्याच्यावरच उभी असते.

1920 साली ‘सैरंध्री’ पुण्यात लागला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्या काळी स्त्रियांची कामे पुरुष करीत. या चित्रपटात ती स्त्रियांनीच केली. पुढे बाबूरावांनी रंगविलेल्या पडद्याऐवजी खरोखरीचे, तिन्ही बाजूंनी बांधलेले देखावे उभे केले. दरबार, वाडा, माजघर, देऊळ सर्व काही लाकूड, कापड आणि मातीचे. चित्रण सुरू होण्यापूर्वी प्रत्येक प्रसंगाचे आणि पोशाखाचे चित्र ते स्वतः कागदावर काढीत. आधी कागद, मग काम, हा त्यांचा रिवाज. 1924 चा त्यांचा ‘कल्याण खजिना’ लंडनच्या वेम्बली येथील प्रदर्शनात गेला आणि तेथे त्याला पदक मिळाले. ज्याने परदेशी शिक्षण घेतले नाही, त्याचे काम सातासमुद्रापलीकडे नावाजले गेले.

1925 साली ‘सावकारी पाश’ आला. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात कशी जाते, याचे हे चित्र. त्यातील तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांची यादी पाहिली तर आश्चर्य वाटते. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर ही सर्व मंडळी त्यांचीच. 1929 साली त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. शेख फत्तेलाल हे आपल्या कागलचे. ‘प्रभात’च्या चित्रपटांचे कलादिग्दर्शन त्यांच्याकडे असे. 1936 चा ‘संत तुकाराम’ दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला आणि 1937 साली इटलीतील व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. देहूचे घर, इंद्रायणीचा काठ, विठ्ठलाचे मंदिर हे सारे ज्यांच्या नजरेतून उभे राहिले त्यांत कागलचा एक मुसलमान कारागीर होता, आणि महाराष्ट्रातल्या वारकऱ्यांनी त्या पडद्यावरच्या विठोबाला हात जोडले. आपल्याकडे कलेचे घराणे जातीवर चालत नाही, ते गुरूवर चालते.

शिष्य गेल्यावर कंपनी फार काळ टिकली नाही. बाबूरावांनी अधूनमधून चित्रपट केले, परंतु मन रमले ते चित्र आणि शिल्प यांतच. त्यांचे ‘जलवाहिनी’ हे तैलचित्र रसिकांना परिचित आहे. कोल्हापुरात शिवाजी चौकात छत्रपतींचा जो अर्धपुतळा आहे तो त्यांनीच 1945 साली घडविला. जिल्ह्याच्या कामासाठी कोल्हापूरला जाणारा प्रत्येक माणूस त्या पुतळ्यावरून जातो. घडविणाऱ्याचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. दि. 16 जानेवारी 1954 रोजी त्यांचे निधन झाले.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढ्या थोर कलावंताच्या कामातील आज शिल्लक काय आहे? मूकपटांपैकी बहुतेक सर्व नाहीसे झाले आहेत. ‘सैरंध्री’ आज कोणाला पाहता येत नाही. त्या वेळची फिल्म ज्वालाग्राही असे, लवकर खराब होई. आणि जुने झाले ते कामाचे नाही, ही आपली समजूत. नाटकाचे पडदे विरले, फाटले. दुसरे थोर चित्रकार आबालाल रहिमान यांची हकीकतही अशीच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. कोटितीर्थाच्या काठी बसून आयुष्यभर चित्रे काढली. 1931 साली ते वारल्यानंतर त्यांची पुष्कळशी चित्रे त्याच तळ्याच्या पाण्यात गेली असे जुने लोक सांगत. जी राहिली त्यांतील काही आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. ज्यांनी ती जपली त्यांचे उपकार आहेत.

अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. शाहू महाराजांनी खासबागेजवळ पॅलेस थिएटर बांधले. 1913 साली काम सुरू झाले, 1915 साली पुरे झाले. 1957 साली त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. दि. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री हे नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरची कलावंत मंडळी तेथे उभी राहून रडली. पुढे पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. पण जे शंभरावर वर्षे उभे होते ते एका रात्रीत जाते, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. अंबाबाईच्या देवळातील मणिकर्णिका कुंड पूर्वी बुजवून त्यावर बाग झाली होती. 2020 नंतर ते पुन्हा उकरून मोकळे करावे लागले. बुजवायला जो खर्च झाला त्याहून उकरायला कितीतरी अधिक लागतो.

म्हणूनच आपल्या गावात गेल्या वर्षी जो वाद झाला त्याकडे या दृष्टीने पाहावे. सभामंडपाचे जुने सागवानी खांब काढून विकावेत, त्या पैशात सिमेंटचे खांब आणि चकचकीत फरशी करावी, असे पुष्कळांचे म्हणणे होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. देवाचे घर नवे दिसावे, पै-पाहुण्यांत गावाचा मान राहावा, एवढीच इच्छा. दुसऱ्या बाजूला गावच्या सुतारांपैकी एक वृद्ध सुतार रोज येऊन खांबांना हात लावून बसत. त्यांच्या आजोबांनी ते घडविले होते. भर सभेत ते एवढेच बोलले, “विकायचे तर विका, पण असा एक खांब करून दाखवा, मग विका.” सभा गप्प झाली. शेवटी समितीने खांब ठेवले. दोन खांबांचे बूड वाळवीने खाल्ले होते. तेवढाच भाग कापून नवा सागवानी सांधा घातला. खर्च वाचलाच, आणि आज जो कोणी देवळात येतो तो आधी खांबांकडे पाहतो.

दुसरा प्रश्न अद्याप बाकी आहे आणि तो आजच समजून घ्यावा. गाभाऱ्याच्या काळ्या दगडाला ऑईल पेंट द्यावा असा आग्रह आहे. दगड वरून कोरडा दिसला तरी पावसाळ्यात तो जमिनीतून ओल ओढतो आणि उन्हाळ्यात बाहेर टाकतो. वर तेलरंगाचा थर बसला की ओल आत कोंडते, क्षार फुगतात आणि दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. रंग निघतो तेव्हा नक्षीही घेऊन निघतो. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तरी हेच होते. चुना ओल सोडतो, सिमेंट ती धरून ठेवते. मशीनने वाळूचा फवारा मारून दगड घासणे तर त्याहून वाईट. त्याने मळ जातो आणि शेकडो वर्षांची छिन्नीची रेघही जाते. मऊ कुंचला, स्वच्छ पाणी आणि धीर यांनी जेवढे निघेल तेवढेच काढावे. बाकीचे जाणकारास विचारून करावे. बाबूराव स्वतः रंगाचे राजे होते. परंतु कापडाला जो रंग चालतो तो दगडाला चालत नाही, हे मिस्त्रीच्या घरातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट नोंदीची. बाबूराव आधी चित्र काढीत, मग काम करीत. तद्वत आपणही देवळाचा जो भाग काढला, हलविला वा बदलला त्याचा फोटो, माप आणि तारीख एका वहीत लिहून ठेवावी. कोणता दगड कोठून काढला, कोणत्या वर्षी कोणत्या मिस्त्रीने बसविला, चुन्यात काय मिसळले, हे सर्व. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. यादव राजा सिंघण याने देवाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. राजा गेला, राज्य गेले, दानाची नोंद आठशे वर्षे राहिली. आपल्या देणगीदारांची नावे या पुस्तिकेत छापली आहेत, ती योग्यच. त्यांच्या शेजारी कारागिरांचीही नावे यावीत. गवंडी, सुतार, पाथरवट, रंगारी, चुना मळणाऱ्या बायका, सर्वांची. देणगीदाराने पैसा दिला, कारागिराने हात दिला. तानीबाईंचा पैसा आणि बाबूरावांचा हात एकत्र आले तेव्हाच ‘सैरंध्री’ झाली.

शेवटी एवढेच. जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालेल्याचा उद्धार. जीर्ण झालेले फेकून देणे याला जीर्णोद्धार म्हणत नाहीत. जे मोडले ते सांधावे, जे झिजले ते जपावे, जे नाहीच उरले तेथेच नवे घालावे. गावातील एखाद्या पोराच्या हातात पेन्सिल किंवा पटाशी चांगली चालत असेल तर त्याला ‘हे शिकून पोट भरणार काय?’ असे विचारू नये. बाबूरावांनाही तसे विचारणारे लोक असतीलच. त्यांचे कोणी ऐकले असते तर कोल्हापूरचे नाव वेम्बलीपर्यंत गेले नसते.

ग्रामदैवताच्या कृपेने हे काम निर्विघ्नपणे तडीस जावो, आणि गाभाऱ्याचा दगड आपल्या नातवंडांनाही तसाच काळा, थंड आणि नक्षीसह पाहावयास मिळो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

जय हिंद! जय महाराष्ट्र!