पर्ल हार्बरचा दोष कोणाचा?

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर अकस्मात हवाई हल्ला केला. २,४०३ अमेरिकन प्राणांस मुकले. चौकशी समितीने पॅसिफिक आरमाराचे सेनापती अ‍ॅडमिरल किमेल यांच्यावर कर्तव्यच्युतीचा ठपका ठेवला. २७ नोव्हेंबरचा युद्धाचा इशारा त्यांना मिळाला होता, हे खरे. परंतु त्यात नावे होती ती फिलिपाइन्स, बोर्निओची. बंदरातील युद्धनौकांच्या जागा विभागवार कळवा, हा टोकिओचा होनोलुलूतील वकिलातीस गेलेला सांकेतिक आदेश वॉशिंग्टनने ऑक्टोबरमध्येच उलगडला होता. किमेलना तो कळवलाच नाही. १९९५ च्या सरकारी अहवालाने दोष अनेकांचा मानला. सत्ता माहिती वर अडवते, जबाबदारी खाली ढकलते. म्हणून प्रत्येक चौकशीत प्रथम विचारले पाहिजे: माहिती कोणाजवळ होती?