आठ सूत म्हणजे एक इंच

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



पत्रिकेत विषय छापलाय, ‘बदलतं कामाचं जग आणि माध्यमिक शाळेतला विद्यार्थी’. मघाशी चहाच्या वेळी तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘सर, आता हे एआय आलंय, आमच्या नातवानं कुठली लाइन घ्यावी?’ दहा वर्षांनी कुठली लाइन चालू असेल आणि कुठली बंद पडेल, हे मी सांगू शकत नाही. एक गोष्ट मात्र तीस वर्षं सांगतोय आणि आजही तीच सांगायला आलोय. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस, प्रत्येक मुलानं आणि मुलीनं हातानं काम करावं. खऱ्या गिऱ्हाइकासाठी, मापात, आणि हिशेबासकट.

बसल्या जागी सांगा, तुमच्या घराचं पुढचं दार किती रुंद आहे? हात वर करा. ...चार. चारच हात. (मागून आवाज : ‘सोफा आत गेला एवढं!’ हशा.) बरोबर! पण सोफा आत जाईल की नाही, हे दुकानात पैसे मोजायच्या आधी कळायला हवं.

शाळेतल्या हातकामाचा इतिहास इथल्या श्रोत्यांना सांगायला नको. १९३७ ची वर्ध्याची परिषद, हातकामातून शिकवणारी गांधीजींची नई तालीम, झाकिर हुसेन समिती, हे सगळं आपण वाचलेलं आहे. मग १९६४ ते ६६ चा कोठारी शिक्षण आयोग. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. ‘कार्यानुभव’ हा विषय तिथून आपल्या शाळेत आला, आणि पुढे त्याचं काय झालं ते तुमच्या माझ्या घरातल्या पुठ्ठ्याच्या शोभेच्या वस्तूंना विचारा. (हशा) मुलांनी त्या मनापासून केल्या होत्या. पण त्या कुणाला लागत नव्हत्या, आणि आपली वस्तू कुणाला लागत नाही हे मुलाला फार लवकर कळतं.

या इतिहासात थांबायचं ते पाबळला. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लिव्हरमधले संशोधक. मुंबईतली नोकरी सोडून १९८३ साली ते या दुष्काळी गावात आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. तिथून माध्यमिक शाळांत ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ हा विषय आला. त्याचे चार विभाग : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. चारही विभाग सगळ्यांना. मुलगाही स्वयंपाकातला खर्च काढणार आणि मुलगीही वेल्डिंग करणार. शिवाय शाळेनं गावाची कामं घ्यायची, पैसे घेऊन. माती तपासून द्यायची, रक्तातलं हिमोग्लोबिन बघून द्यायचं, गोठ्याचं फाटक करून द्यायचं. मी अशाच एका शाळेत निदेशक होतो.

आता फाटकाचं नाव निघालंच आहे, तर एक सांगतो. दोन मिनिटांत संपवतो.

गावातल्या एका बाईंची कोंबड्यांची शेड होती. त्यांना फाटक हवं होतं, तीन फूट रुंद, चार फूट उंच. नववीच्या सहा जणांकडे काम दिलं. मुलांनी अँगल कापला, चौकट मांडली, गुण्या लावून कोपरे बघितले आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात करून चारही कोपरे ओळीनं वेल्ड करून टाकले. मी त्या वेळी दुसऱ्या तुकडीकडे होतो. ती माझी चूक. फाटक रंगवलं, टेम्पोत घातलं, बसवलं, आणि ते लागेना. कडीच्या बाजूला अर्धा इंच उतरलेलं, खाली फरशीला घासत होतं. बाई म्हणाल्या, ‘पोरांनो, रंग छान दिलाय. पैसे लागल्यावर देईन.’ म्हणजे फाटक लागल्यावर! (हशा)

फाटक परत आणलं. मी विचारलं, ‘आयताच्या कर्णांबद्दल काय शिकलात?’ सहाच्या सहा जणांनी एका सुरात सांगितलं, ‘आयताचे कर्ण एकरूप असतात.’ म्हटलं, ‘मग मोजा.’ एका मुलीनं टेपचं टोक कोपऱ्यात धरलं. एक कर्ण पाच फूट तीन सूत. दुसरा पाच फुटांना तीन सूत कमी. आठ सूत म्हणजे एक इंच, हे फॅब्रिकेशनच्या दुकानात रोज बोललं जातं आणि शाळेत कधीच नाही. ती मुलगी टेपकडे बघत राहिली, मग चौकटीकडे, आणि म्हणाली, ‘सर, हा आयत नाहीये.’ ते वाक्य तिनं आठवीत लिहून मार्क मिळवले होते. त्याचा अर्थ तिला त्या दुपारी लागला.

असं का झालं, तेही त्यांनीच शोधलं. वेल्ड थंड होताना आकसतो आणि कोपरा आपल्याकडे ओढतो. म्हणून आधी चारही कोपऱ्यांना नुसते टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे टाके, मारायचे, कर्ण जुळवायचे, आणि मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून पक्के करायचे. गवंडी तीन-चार-पाचची दोरी लावून काटकोन काढतो, तेच हे. तीन बाय चारच्या फाटकाचा कर्ण बरोबर पाच फूट यायला हवा होता. पायथागोरस त्या शेडच्या दारात उभा होता आणि आम्ही त्याला ओळखलं नव्हतं.

मग बिल. लोखंड, रॉड, रंग, वीज, मजुरी, सगळं मुलांनी मांडलं होतं. टेम्पोचं भाडं राहिलं होतं, कापताना गेलेली तूट राहिली होती, आणि आता दुसऱ्यांदा केलेलं काम. तोटा आला. तो त्यांनी वहीत लाल पेननं लिहिला. मुख्याध्यापक म्हणाले, पुसून टाका. मी पुसू दिला नाही.

ती मुलगी आज सोलरच्या स्ट्रक्चरची कामं घेते. ती नववीत होती तेव्हा आमच्या गावात सोलरची लाइन म्हणून कुणी ओळखत नव्हतं. २०२४ मध्ये छतावरच्या सोलरची ‘सूर्य घर’ योजना आली, एक कोटी घरांचं लक्ष्य ठरलं, आणि ती आधीपासून तयार होती. पॅनलचं तोंड दक्षिणेला, आपल्याकडे कल साधारण अठरा-वीस अंश, आणि चौकटीचे कर्ण तेच. परवा तिचा फोन आला. ‘सर, आता कोटेशन मोबाइल काढून देतो. पण परवा त्यात टेम्पो राहिला होता. मला लगेच दिसलं.’ मघाच्या त्या नातवाच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर हेच आहे. मशीननं काढलेल्या हिशेबात काय राहिलंय, हे त्याला दिसलं पाहिजे.

(चिठ्ठी आली.) दहा मिनिटं? बरं.

एक आक्षेप टाळून जाता येणार नाही. मागच्या रांगेतल्या एका सरांनी सुरुवातीलाच विचारलं की, ‘गरिबाच्या पोरांना पाना द्यायचा आणि तुमची पोरं इंजिनिअर करायची, हेच ना?’ सर, हा प्रश्न मला झोंबतो आणि झोंबायलाच हवा. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळेत मुलांनी घरचा धंदा शिकावा, असं ठरवलं. लोक संतापले. बापाची जात पोराच्या हातात देण्याचाच तो प्रकार होता. पुढच्या वर्षी राजाजींनी पद सोडलं आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी ती योजना रद्द केली. योग्य केलं. म्हणून माझी अट कडक आहे. काम घरच्या धंद्याचं नको, चारही विभागांचं हवं. आणि ते ऊसतोडणी कामगाराच्या मुलाला आहे तेवढंच डॉक्टरच्या मुलीला हवं, इंग्रजी माध्यमाच्या शाळेतही हवं. नुसत्या मागे पडलेल्या तुकडीला हा दिवस देणार असाल तर देऊ नका. मी स्वतः विरोधाला उभा राहीन. (टाळ्या)

कल चाचणीबद्दल बरंच बोलायचं होतं. २०१६ पासून काही वर्षं आपल्या राज्यात दहावीच्या मुलांची ती झाली. हेतू चांगला. पण ज्यानं कधी पाना धरला नाही, रोप लावलं नाही, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला नाही, त्याला आवड विचारली तर तो टीव्हीत पाहिलेलंच सांगणार. आधी हात लागू दे, मग विचारा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाण्यासाठी. स्वागत आहे. दहा दिवसांत बघून होतं. चूक करून ती दुरुस्त करायला वर्ष लागतं.

शिक्षक कुठून आणायचे, मुलांच्या डोळ्यांची काळजी कशी घ्यायची, वेल्डिंगच्या मुखवट्याशिवाय होल्डर हातात का द्यायचा नाही, वीज कोण भरणार, यावर चार पानं लिहून आणली होती. वेळ संपली. कार्यकर्त्यांकडे देतो, ज्यांना हवीत त्यांनी घ्या.

एकच काम राहिलं. इथल्या एका शाळेची जुनी कार्यशाळा कित्येक वर्षं कुलपात आहे. आत व्हाइस आहेत, एक ड्रिल आहे, गंजलंय पण फिरतंय. मी हातानं फिरवून बघितलं. जूनपासून दर शनिवारी ती उघडायला संस्थेनं होकार दिलाय. निदेशक एक मी आहे, एकट्याच्यानं होणार नाही. सभागृहात गवंडी असतील, फिटर असतील, शिवणकाम करणाऱ्या ताई असतील, लॅबमध्ये काम केलेले, रोपवाटिका चालवणारे असतील. शनिवारचे दोन तास. मानधन नाही, चहा आहे. दाराशी टेबलावर वही ठेवलीय. नाव, फोन, आणि तुम्हाला काय येतं, एवढं लिहा. पेन सुतळीनं बांधलेलं आहे.