मागणीपत्रकाच्या आधीचे काम



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानमालेत उभा राहिला, की तो महागाईभत्त्यावर बोलणार किंवा सरकारवर तोंडसुख घेणार, अशी श्रोत्यांची अटकळ असते. कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'सॉफ्टवेअर कसे शिकवावे' हा विषय पाहून काहींना छापखान्याची चूक वाटली असेल. चूक नाही. आमचे शाळेतले शिक्षण दहावीला संपले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि नगर वाचनालयाने केले. तेव्हा ह्या विषयात आम्ही पंडित आहोत असा आव आणणार नाही. परंतु प्रोग्रॅम लिहिणारे थोडे आणि त्याच्या हुकमाखाली राबणारे पुष्कळ, अशी आज स्थिती आहे, आणि आम्ही त्या पुष्कळांच्या बाजूने आलो आहोत.

डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात डीनेस ब्यॉर्नर नावाचे प्राध्यापक १९७६ पासून सुमारे तीस वर्षे शिकवीत होते. त्यांच्या अभ्यासक्रमाचे तीन जाडजूड खंड २००६ साली प्रसिद्ध झाले. आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने तिसरा खंड आमच्या हाती दिला. त्यातले गणित आमच्या डोक्यावरून गेले हे सांगून टाकतो. पण गणिताच्या आधी प्रत्येक ठिकाणी साध्या भाषेत मजकूर आहे, आणि तो वाचताना आम्हांला आपल्याच धंद्याचे पुस्तक वाचतो आहोत असे वाटू लागले.

त्यांची शिकवण थोडक्यात अशी. प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वी तो कशासाठी हवा हे कळले पाहिजे, म्हणजे मागणी लिहिली पाहिजे. आणि मागणी लिहिण्यापूर्वी ज्या व्यवहारात तो प्रोग्रॅम उतरणार, तो व्यवहार आज कसा चालतो हे कळले पाहिजे. मग ती रेल्वे असो, बंदर असो, इस्पितळ असो की बाजार. म्हणजे तीन वह्या झाल्या. पहिल्या वहीतली सगळी वाक्ये 'आहे' ह्या क्रियापदावर संपतात, दुसरीतली 'असावे' वर, तिसरीतली 'असे करू' वर. पहिल्या वहीला ते 'डोमेन' म्हणतात. आम्ही तिला व्यवहाराची वही म्हणू. ब्यॉर्नर यांचा आग्रह असा, की विद्यार्थ्याने पहिली वही लिहिताना संगणकाचे नावसुद्धा काढू नये.

मागणी हा शब्द ऐकल्याबरोबर आमचे कान टवकारले. आम्ही आयुष्यभर मागणीपत्रकेच लिहीत आलो. नवा कार्यकर्ता कारखान्याच्या फाटकावर जातो, पाच जणांशी बोलतो आणि रात्रीत वीस मागण्या लिहून आणतो. जुना कार्यकर्ता आधी विचारतो, की खात्यात माणसे किती, कायम किती, बदली किती, कंत्राटी किती, जेवणाची सुट्टी कागदावर केव्हा आणि प्रत्यक्षात केव्हा. एवढे झाल्याशिवाय तो लेखणी उचलत नाही. वाटाघाटीच्या टेबलावर नव्याची मागणी व्यवस्थापक एका प्रश्नात उडवून लावतो, जुन्याची उडत नाही.

आता पहिली वही न लिहिल्याने काय होते ते पाहा. आमच्या परिसरातल्या एका कारखान्यात काही वर्षांपूर्वी हजेरीसाठी अंगठा घेणारे यंत्र बसले. त्यामागे प्रोग्रॅम होता. मालकाची मागणी एका वाक्याची होती: रोज प्रत्येक कामगार किती तास हजर होता ते सांगावे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी दिवसातला पहिला अंगठा म्हणजे येणे आणि शेवटचा अंगठा म्हणजे जाणे असे धरले. पहिल्या व दुसऱ्या पाळीला हे बिनचूक चालले. तिसरी पाळी रात्री अकराला सुरू होऊन सकाळी सातला सुटते. सोमवारी रात्री १०.५० ला आलेल्या माणसाचा सोमवारचा एकच अंगठा. जाण्याची नोंदच नाही. मंगळवारी सकाळी ७.०५ ला त्याने घरी जाताना अंगठा दिला आणि रात्री १०.५० ला पुन्हा येताना दिला. यंत्राने हिशेब केला, की हा गृहस्थ मंगळवारी पावणेसोळा तास कामावर होता. इतके तास अशक्य, सबब नोंद सदोष, सबब खाडा! आठवडाभर रात्रीचे जागरण करणाऱ्यांच्या पगारचिठ्ठीत आठवडाभराचे खाडे लागले.

कामगार चिडले, पगार कचेरीतला कारकून म्हणाला यंत्र खोटे बोलत नाही, आणि प्रोग्रॅमवाले म्हणाले की आमच्याकडे लेखी मागितले तेच आम्ही दिले. तिघेही आपापल्या परीने खरे होते. प्रश्न 'दिवस' ह्या शब्दाचा होता आणि तो कोणी विचारलाच नव्हता. वास्तविक १९४८ चा कारखाने कायदा त्या वेळी लागू होता आणि त्यात हे स्पष्ट लिहिलेले होते. दुसऱ्या कलमात दिवस म्हणजे मध्यरात्रीपासूनचे चोवीस तास, अशी व्याख्या होती. परंतु ५७ व्या कलमात म्हटले होते, की पाळी मध्यरात्र ओलांडून जात असेल तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजावेत. कायदा करणाऱ्यांनी व्यवहाराची वही लिहिली होती. आमचा जुना टाइमकीपरही तसेच करी. पाळी ज्या तारखेला सुरू झाली त्या तारखेच्या रकान्यात तो हजेरी मांडी. यंत्र येण्याआधी तो निवृत्त झाला आणि त्याला कोणी काही विचारले नाही. कापलेला पगार वसूल करायला आम्हांला तीन महिने लागले.

असो. पुन्हा वर्गात जाऊ. ब्यॉर्नर यांचे आवडते उदाहरण रेल्वेचे. १९९२ साली संयुक्त राष्ट्र विद्यापीठाची एक सॉफ्टवेअर संस्था मकाव येथे निघाली. तिचे ते पहिले संचालक होते. तेथे चिनी अभियंत्यांबरोबर त्यांनी चीनच्या रेल्वेवर काम केले. रेल्वे म्हणजे काय, हा प्रश्न ते अगदी रुळापासून सुरू करतात. रुळाचा साधा तुकडा घेतला तर त्याला दोन टोके, सांध्याला तीन, जिथे दोन मार्ग एकमेकांना छेदतात तिथे चार. ह्या क्षणी कोणत्या टोकाकडून कोणत्या टोकाकडे गाडी जाऊ शकते, ती त्या तुकड्याची स्थिती. तुकड्याला तुकडा जोडत गेले की मार्ग होतो, मार्ग स्थानकाला मिळतो. हे सारे आधी शब्दांत आणि लगेच खाली गणितात मांडायचे, म्हणजे शब्दांतली पळवाट गणितात पकडली जाते.

मग ह्या सांगाड्यावर थर चढतात. सांधा पूर्वी सांधेवाला हाताने दांडा ओढून बदली. पुढे केबिनमधून तारेने बदलू लागले, पुढे विजेने. साधन बदलले, सांध्याची तीन टोके तीच राहिली. म्हणून साधनांचे वर्णन वेगळे. नियमांचे वेगळे, आणि नियम मोडला गेला तर पुढे काय करायचे ह्याचे आणखी वेगळे. कोणाचा हुकूम कोणावर चालतो ते वेगळे. आणि शेवटी माणसाचे वागणे. इथे ब्यॉर्नर पायऱ्या सांगतात: काळजीने काम करणारा, ढिसाळपणे करणारा, कर्तव्यात कसूर करणारा, आणि सरळसरळ गुन्हा करणारा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने चौघेही धरून चालावे.

ही विभागणी आम्हांला पटते, पण पुरी वाटत नाही. त्यात आमच्या ओळखीचा एक पाचवा माणूस नाही. नियमानुसार काम हे आंदोलन आपण सर्वांनी ऐकले आहे. कामगार संप करीत नाहीत, एकही नियम मोडत नाहीत, उलट पुस्तकातला प्रत्येक नियम अक्षरशः पाळतात, आणि दोन दिवसांत कारभार ठप्प होतो. ह्याचा अर्थ काय? अर्थ हा, की एरवी कारभार चालतो तो नियमाच्या पुस्तकाने नव्हे, तर नियम कुठे वाकवावा हे जाणणाऱ्या माणसाच्या शहाणपणाने. हा माणूस ढिसाळ नाही आणि गुन्हेगार तर नाहीच. नियमपुस्तक समोर ठेवून जो व्यवहाराचे वर्णन लिहील, त्याच्या वहीत हा माणूस सापडणार नाही.

लंडनमध्ये हा माणूस वहीतून सुटला. तेथील रुग्णवाहिकांचा कारभार पूर्वी कागदाच्या चिठ्ठ्यांवर आणि बिनतारी संभाषणावर चाले. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तो संगणकावर नेण्यात आला. दूरध्वनी आला की जवळची गाडी यंत्राने सुचवायची; गाडीतल्या कर्मचाऱ्यांनी निघालो, पोचलो, मोकळे झालो अशी बटणे दाबून खबर द्यायची. कागदावर सुरेख! पण रुग्ण उचलण्याच्या घाईत बटण राहून जाई किंवा मागेपुढे दाबले जाई. काही ठिकाणी बिनतारी संदेश पोचतच नसे. कर्मचारी कधी नेमून दिलेली गाडी सोडून दुसरीच घेऊन जात. जुन्या पद्धतीत चिठ्ठ्या वाटणारा अनुभवी माणूस ह्या सगळ्या फटी आवाजावरून बुजवून घेई. यंत्राला मात्र प्रत्येक गाडीची जागा आणि स्थिती जवळजवळ बिनचूक कळायला हवी होती, आणि ती कळत नव्हती. एकाच ठिकाणी दोन गाड्या जाऊ लागल्या, दुसरीकडे एकही पोचेना, इशाऱ्यांच्या ओळी पडद्यावरून वाहून जाऊ लागल्या. दुसऱ्याच दिवशी अर्धे काम पुन्हा हाताने सुरू झाले. ४ नोव्हेंबरला प्रोग्रॅममधल्या एका दोषाने यंत्रणा पुरती बंद पडली आणि कागद परत आला. चौकशीचा अहवाल १९९३ च्या फेब्रुवारीत निघाला. पुरेशी चाचणी नव्हती आणि कर्मचाऱ्यांना ही यंत्रणा आपली वाटावी असे काही केले नव्हते, हे त्यात नोंदले आहे.

मग ही पहिली वही लिहिणार कोण? ह्या प्रश्नाला कामगारांच्या बाजूने हात घातला तो नॉर्वेत. क्रिस्टेन न्यूगोर हे ऑस्लोचे गणिती. ओले-योहान दाल यांच्यासह त्यांनी १९६० च्या दशकात 'सिम्युला' ही संगणकाची भाषा रचली. कारखाना, बंदर, रांग ह्यांतल्या प्रत्यक्ष वस्तू व माणसे जशीच्या तशी प्रोग्रॅममध्ये उभी करावीत, ही कल्पना त्या भाषेतून जगभर पसरली. २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार दोघांना ह्याच कामाबद्दल मिळाला. पण न्यूगोर यांच्या ध्यानात आले, की आपल्या साधनाने कामाचे चित्र काढले जाते ते व्यवस्थापनाच्या खुर्चीतून. १९७१ मध्ये ते लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर कामाला लागले. कारखान्याकारखान्यांत कामगारांची अभ्यासमंडळे निघाली, त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिले गेले. १९७५ साली तेथील मध्यवर्ती कामगार संघटना आणि मालकांचा संघ यांच्यात करार झाला. संगणकाची नवी यंत्रणा येण्याआधी तिची माहिती, विशेष ज्ञान नसलेल्या माणसालाही कळेल अशा भाषेत कामगारांना मिळावी, हे त्यात आले. आणि ह्या कामासाठी कामगारांनी आपला प्रतिनिधी निवडावा, हेही आले.

आपल्याकडे १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांनी यांत्रिकीकरणाविषयी करार केला. त्यात भर होता तो यंत्रे किती आणि कुठे बसवावीत ह्यावर. त्या काळात रोजगाराची भीती खरी होती, तेव्हा त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण यंत्राच्या पोटात कामाचे कोणते वर्णन बसवले आहे, हा प्रश्न यंत्रे मोजून सुटत नाही.

इथे आमचेच जुने सहकारी आम्हांला अडवतात. ते म्हणतात, "कामगाराने आपले काम तोंडाने सांगितले आणि ते कागदावर उतरले, म्हणजे त्याची किंमत संपली. टेलरने हेच सांगितले ना?" त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. फ्रेडरिक टेलर यांच्या १९११ च्या पुस्तकात, कामगारांजवळचे परंपरेचे ज्ञान व्यवस्थापनाने गोळा करून नियमांत बसवावे, असे उघड म्हटलेले आहे. कारागिराचे घड्याळ लावून मोजमाप झाले ते त्याचे काम सोपे करण्यासाठी नव्हे. तेव्हा 'सांगा, सांगा' म्हणून कामगाराच्या पाठीस लागणे धोक्याचे आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु न सांगण्याचा भाव काय पडतो तेही आम्ही पाहिले आहे. तो तिसऱ्या पाळीच्या पगारचिठ्ठीत छापून आला. मुका राहिलेला कामगार वहीतून वगळला जातो, वही मात्र लिहिली जातेच. म्हणून आमचे मत असे, की सांगावे, पण फुकट सांगू नये. वर्णनावर सांगणाऱ्याची सही असावी, त्याची प्रत संघटनेकडे असावी, आणि त्या वर्णनाच्या आधाराने कोणाची जागा कमी करायची झाल्यास आधी बोलणी व्हावीत, असा करार असावा.

आमच्या त्या कारखान्यात आता यंत्रांच्या देखभालीसाठी नवा प्रोग्रॅम यायचा आहे. ह्या वेळी आम्ही मागणीपत्रकाच्या अगोदर व्यवहाराची वही मागितली. व्यवस्थापनाने सगळी वही मान्य केली नाही. शब्दांच्या व्याख्यांची यादी दोघांनी मिळून करावी, एवढे मान्य केले. दर शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर दोन फिटर, एक महिला कामगार, स्टोअर्सचा कारकून आणि कंपनीचे दोन तरुण अभियंते बसतात. 'बंद यंत्र' म्हणजे काय, ह्यावर दोन शनिवार गेले. वीज गेली म्हणून थांबलेले, माल नाही म्हणून थांबलेले, दुरुस्तीला काढलेले आणि चालू असूनही खराब माल काढणारे, ही चारही यंत्रे कचेरीच्या दृष्टीने 'बंद' होती आणि फिटरच्या दृष्टीने एकच. अभियंत्यांपैकी एकाने तेव्हापासून स्वतःची वही आणायला सुरुवात केली आहे. 'दुरुस्त झाले' हे कोणी म्हणायचे, फिटरने की यंत्र चालवणाऱ्याने, हा शब्द येत्या शनिवारी घ्यायचा आहे.