धोंडांची चूल आणि घरची चूल

(लाटंबार्से येथील साहित्य मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



शिरगावची लईराई निखाऱ्यांतून का चालते, याची एक कथा आपल्या डिचोली तालुक्यात सांगतात. देवीने भाऊ खेतोबाला विस्तव आणायला पाठवले. तो वाटेत खेळात रमला आणि विस्तवाचे विसरला. बहिणीचा पारा चढला, तिने त्याला लाथ मारली. मग तिलाच वाईट वाटले आणि प्रायश्चित्त म्हणून ती आगीतून चालली. भाविकांनी रागावू नये, पण कामचुकारपणा भावाचा आणि प्रायश्चित्त बहिणीचे, हा हिशेब आपल्या घरांत अजून चालू आहे.

वैशाख शुद्ध पंचमीच्या लईराईच्या जत्रेला हातात वेताची काठी घेतलेले हजारो धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, होमकुंडातून चालतात. आधीचे दिवस त्यांचे व्रत असते. अनेक गावांत धोंड घरचे अन्न वर्ज्य करून एकत्र राहतात, पाणी भरतात, चूल पेटवतात, भात-आमटी रांधतात आणि आपली भांडी आपणच घासतात. त्या दिवसांत कुणाही पुरुषाच्या तोंडून "हे बायकांचे काम" हे शब्द निघत नाहीत. व्रत सुटते, धोंड घरी येतो, पाटावर बसतो आणि आत हाक मारतो, "जेवण झाले काय गे?" चार दिवसांपूर्वी डाळ शिजवणारे हात एवढ्यात विसरले?

म्हणून पुरुष घरी का रांधत नाही, याला "आमचा धर्मच तसा आहे" हे उत्तर या व्यासपीठाला मान्य नाही. देवळातला नैवेद्य बहुधा पुरुषच रांधतो. महाप्रसादाच्या मोठ्या कढईत झारा फिरवणाराही पुरुषच असतो. सोवळ्याला पुरुषाचा हात चालतो. चालत नाही तो फक्त घरच्या स्वयंपाकघरात. आणि वारकऱ्यांनी तर या बाबतीत तोंडच उघडू नये. जनाबाईच्या जात्याशी विठ्ठल बसला, तिच्याबरोबर त्याने केर काढला, शेण्या वेचल्या. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीकृष्ण श्रीखंड्या होऊन पाणी भरत राहिला. पेडणे-डिचोलीतून दिंड्या काढणाऱ्या माणसांना या कथा पाठ आहेत. ज्यांच्या देवाला जाते ओढायला कमीपणा वाटला नाही, त्या भक्तांना कुकर लावायला वाटतो.

गणपतीच्या चवथीचेच पाहा. देवावर टांगायच्या माटोळीचे श्रेय पुरुषांना द्यायलाच हवे. रान हिंडून फळे, वेली, सुपारीची शिपटी आणायची आणि ती नेटकी बांधायची, हे कष्टाचे आणि कलेचे काम आहे. पण ते एकदाच. पातोळ्या, नेवऱ्या, खतखते, आल्यागेल्याचा चहा आणि उष्टी भांडी मात्र विसर्जनापर्यंत संपत नाहीत. बाहेरच्या खोलीत घुमट आरती रंगते, त्या वेळी आत कपबशा मोजल्या जातात. 2019 साली सरकारने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान दिला, फार चांगले झाले; आतल्या कपबशांना मात्र तो मान नाही. पौषातल्या धालोंच्या नाचगाण्याच्या रात्री तर बायकांच्याच, नाचाचा मांडही त्यांचाच. पण मांडावर यायचे ते घरची जेवणे उरकून.

पैशाचे काम तरी वाटले गेले आहे का? वाटले गेले, आणि तिथेच खरी मेख आहे. 2012 साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. या तालुक्यात खनिज वाहणारे ट्रक अंगणात उभे राहिले. त्यांच्या कर्जाचे हप्ते थांबत नव्हते. अनेक घरांत मग बाईने पगार आणला: कुणी कारखान्यात, कुणी दुकानात, कुणी स्वयंसाहाय्य गटाच्या पापड-मसाल्यांतून. घरी बसलेल्या कर्त्या पुरुषाने झाडू उचलला, असे मात्र फारसे कुठे दिसले नाही. कमाईतला वाटा तिने उचलला आणि घरकाम होते तसे तिच्याच अंगावर राहिले.

हे केवळ गावगप्पांतले निरीक्षण नव्हे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी 289 मिनिटे त्यात जातात, पुरुषाची 88. त्यातही 88 हा आकडा कामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा आहे. देशातले बहुसंख्य पुरुष त्या हिशेबात येतच नाहीत.

गोव्याला आपल्या कायद्याचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या व्यवस्थेत, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. अर्धा हक्क तिचा. नोंदणी कचेरीत अर्धी, मोरीपाशी अख्खी! 2012 ची गृह आधार योजना गृहिणीला महिन्याला 1500 रुपये देते. ते जरूर घ्यावेत, पण दिवसाला 50 रुपये पडतात, आणि तेही महागाईला तोंड देण्यासाठी. तिच्या कामाचा मोबदला म्हणून ते कुणी दिलेले नाहीत.

काही सासवा आता म्हणतील, आम्ही केले, सुनांनीही करावे. ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून सगळा धर्म बायकांच्याच माथी मारणाऱ्यांचा समाचार घेतला. त्याला दीडशे वर्षे होत आली. सासवांनी निदान मुलाच्या हातातले ताट ओढून घेणे थांबवावे.

तेव्हा या मेळाव्याने नुसते अभिनंदनाचे ठराव करू नयेत. येत्या चवथीला ज्या घरात घुमट आरती होईल, तिथला चहा पुरुषांनी करावा आणि कपबशा आरती म्हणणाऱ्यांनी विसळाव्यात, असा ठराव आरती मंडळांकडे आणि देवस्थान समित्यांकडे पाठवावा. आणि सुरुवात आजच करावी: दुपारच्या पंगतीची भांडी कार्यकारिणीतल्या पुरुषांनी घासावीत. अध्यक्षांचे नाव त्या यादीत पहिले लिहावे.