तुटलेला शाफ्ट काय सांगतो?

गिअर पडतो, प्रोपेलर शाफ्ट फिरतो, पण ट्रक जागचा हलत नाही. अशा वेळी मागचा एक्सल शाफ्ट तुटल्याची दाट शंका घ्यावी. अवजड ट्रकमध्ये हबवरचे बोल्ट सोडले की बहुधा चाक न काढताच शाफ्ट बाहेर येतो.

नवा बसवण्याची घाई नको. आधी तुटलेलं तोंड पुसून बघा. शंख-शिंपल्यावर असतात तशा वलयरेषा दिसल्या, तर तडा जुना, हळूहळू वाढलेला. फ्लँजजवळ असं तुटलं तर हाउसिंग वाकलंय का, हबचे बेअरिंग ढिले आहेत का, ते तपासा. वलयं नाहीत आणि स्प्लाइनचे दाते पिळलेले आहेत? मग जोर एकदम जास्त आला.

तो कुठून आला? क्राउन-पिनियनचं प्रमाण ५ वरून ६ केलं, तर त्याच गिअरमध्ये शाफ्टवरचा पीळ २० टक्क्यांनी वाढू शकतो. डिफरन्शियल लॉक बसवला असेल, तर एक चाक घसरताना जवळजवळ सगळा भार दुसऱ्याच शाफ्टवर येतो. शाफ्ट मात्र जुनाच! आणि हो, हाउसिंगमध्ये अडकलेला तुकडा काढल्याशिवाय, तेल बदलल्याशिवाय गाडी हलवू नका.