वेबसाइट बनवायला घरबसल्या शिकताना



वेबसाइट कशी बनवायची आणि ते काम क्लास न लावता कसं शिकायचं, याविषयी आज बोलू या. आम्ही चौघीजणी गेली तीन वर्षं हे काम करतो. एकीचं शिक्षण बारावी, दोघी बी.ए. आणि एक डी.एड. कॉम्प्युटरची पदवी कुणाकडेच नाही. त्यामुळे भेटणारी प्रत्येक बाई पहिला प्रश्न हाच विचारते, ‘आम्हाला जमेल का हो हे?’

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपल्या उपयोगाचा आहे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञानं १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. १९९१ साली पहिली वेबसाइट लोकांसाठी खुली झाली. एप्रिल १९९३ मध्ये सर्ननं जाहीर केलं, की हे तंत्र कुणीही फी न भरता वापरावं. म्हणून आज वेबपेज लिहायला कुणाचा परवाना लागत नाही की महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. साधा जुना लॅपटॉप, त्यातलं नोटपॅड आणि एक ब्राउझर, एवढं असलं की सुरुवात होते. आमच्यात सुरुवातीला चौघींत मिळून एकच लॅपटॉप होता. दुपारी जेवणं आवरली की दोन तास बसायचो.

आता वेबपेजमध्ये असतं काय? तीन गोष्टी असतात. शिवणकाम येणाऱ्यांना हे लगेच कळेल. कापून जोडलेला ब्लाउज म्हणजे एचटीएमएल. हे शीर्षक, हा परिच्छेद, हा फोटो, असे भाग ते सांगतं. त्याचा रंग, काठ, लेस, मापाचा घट्ट-सैलपणा म्हणजे सीएसएस. आणि हुक-बटण, म्हणजे उघडणारी-मिटणारी हालचाल, ती जावास्क्रिप्ट. शिकायचा क्रमही हाच ठेवा. बऱ्याच जणी थेट जावास्क्रिप्टकडे धावतात आणि महिन्याभरात कंटाळतात. ब्लाउज जोडलाच नसेल तर हुक लावणार कुठे?

एचटीएमएलमध्ये टॅग नावाच्या खुणा असतात. कोनी कंसात पी हे अक्षर लिहायचं, पुढे आपला मजकूर, आणि शेवटी पुन्हा कोनी कंसात तिरपी रेघ आणि पी. झाला परिच्छेद. पी च्या जागी एच आणि १ लिहिलं की मोठं शीर्षक. असे पंधरा-वीस टॅग आले की साधं पान उभं राहतं. इंग्रजीची भीती वाटत असेल, तर एवढेच शब्द आधी पाठ करा. नोटपॅडमध्ये फाइल सेव्ह करताना ऑल फाइल्स हा पर्याय निवडायचा आणि नावाच्या शेवटी डॉट एचटीएमएल लिहायचं. नाहीतर नावाला टीएक्सटी चिकटतं आणि ब्राउझर पानाऐवजी टॅगच दाखवतो.

शिकायला फुकटात चांगली ठिकाणं आहेत. मोझिलाचं एमडीएन वेब डॉक्स आहे, फ्रीकोडकॅम्प आहे. दोन्हीकडे पैसे द्यावे लागत नाहीत. व्हिडिओ पाहायलाही हरकत नाही, पण पाहून पोळी लाटता येत नाही, तसंच हेही. व्हिडिओ थांबवून ती ओळ स्वतः टाइप करा, रंग बदलून पाहा, एखादा कंस मुद्दाम काढून काय बिघडतं ते पाहा. हल्ली एआयला सांगितलं की तोही कोड लिहून देतो. पण तो बरोबर आहे का हे वाचता आलं नाही, तर गिऱ्हाइकाला उत्तर काय देणार?

मराठी पान बनवताना काही गोष्टी इंग्रजी धड्यांत सहसा सांगत नाहीत, त्या सांगतो. पानाच्या सुरुवातीला अक्षरांची पद्धत यूटीएफ-८ आहे हे लिहा, म्हणजे मराठीच्या जागी अगम्य चिन्हं येणार नाहीत. भाषा मराठी आहे हे एम आर या दोन अक्षरांनी सांगा; त्यामुळे काही फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. इंग्रजी डिझाइनमध्ये अक्षरांत मोकळं अंतर सोडायची फॅशन आहे. ती देवनागरीत आणू नका, शिरोरेषा तुटते. दोन ओळींतलं अंतर मात्र थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्त आणि बालू हे फॉन्ट फुकट मिळतात आणि वाचायला चांगले आहेत.

दुसरी गोष्ट मजकुराची. दुकानाची सगळी माहिती एका रंगीत चित्रात घालून तेच चित्र पानावर चिकटवायची सवय फार आहे. चित्रातली अक्षरं शोधणाऱ्याला सहज सापडत नाहीत. अंध व्यक्तीचा फोन पान वाचून दाखवतो, त्यालाही चित्रातला मजकूर नीट वाचता येईलच असं नाही. म्हणून भाव, पत्ता, वेळ हे अक्षरांतच लिहा. फोन नंबरची लिंक करा, म्हणजे त्यावर बोट ठेवलं की थेट फोन लागतो. पिवळ्यावर पांढरी अक्षरं नकोत. आपली सासू चष्म्याशिवाय वाचू शकेल का, हे पाहा. आणि पान आधी मोबाइलवर तपासा, कारण गिऱ्हाईक ते मोबाइलवरच बघणार.

पहिलं काम कुठलं करावं? जवळचं आणि खरं. आम्ही एका बचत गटाच्या पापड-कुरडयांचं पान केलं. त्यात काय मिळतं, वजन किती, भाव किती, कधी मिळेल आणि फोन कुणाला करायचा, एवढंच होतं. त्या पानासाठी गटातल्या बायकांनी पहिल्यांदा सगळ्या मालाचे भाव एका जागी लिहून काढले. तोपर्यंत प्रत्येकीचा भाव वेगळा होता.

आता पैशाचं बोलू, कारण इथे बाया गप्प बसतात. एका दुकानदारानं काम पूर्ण झाल्यावर आम्हाला म्हटलं, ‘ताई, तुम्ही घरीच तर असता, बसल्या बसल्या केलंत, त्याचे एवढे पैसे?’ ठरल्यापेक्षा निम्मेच हातात ठेवले. शिवण असो, शिकवणी असो की वेबसाइट, घरात बसून केलेल्या कामाला काम न म्हणायची ही जुनीच रीत आहे. तिच्यावर कागद हाच उपाय. किती पानं, किती दिवस, किती रक्कम, बदल किती वेळा करून देणार, हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. निम्मी रक्कम आधी घ्या, त्याशिवाय लॅपटॉप उघडू नका.

तसाच प्रामाणिकपणा आपल्याकडूनही हवा. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, गिऱ्हाइकाच्या नावावरच घ्या आणि त्याचे पैसे दर वर्षी भरावे लागतात हे आधीच सांगा. पासवर्ड आपल्याकडे अडकवून ठेवून गिऱ्हाईक धरून ठेवणारे लोक आहेत, तसं करू नका. शिकताना मात्र डोमेनवर खर्च नको. गिटहब पेजेससारख्या ठिकाणी साधं पान फुकट ठेवता येतं.

दोन महिन्यांत नोकरी लागेल असं कुणी सांगून फी मागत असेल तर सावध राहा. आम्हाला पहिली कमाई व्हायला दहा महिने लागले. पण ते पैसे प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात आले. लग्नानंतर खातं काढूनही त्यात कधी स्वतः कमावलेला रुपया न पडलेली एक आमच्यातही होती. तिनं त्या दिवशी बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं.

या आठवड्यात एवढं करा. कॉम्प्युटरवर कुठलीही वेबसाइट उघडा, शीर्षकावर उजवं बटण दाबा आणि इन्स्पेक्ट निवडा. आतलं एचटीएमएल दिसेल. तिथे शीर्षकाच्या जागी आपलं नाव लिहून पाहा. घाबरू नका, ते फक्त तुमच्याच पडद्यावर बदलतं, पान पुन्हा उघडलं की पहिल्यासारखं होतं. मग नोटपॅड उघडा आणि आपल्या गावावर पाच ओळींचं पान लिहा. पुढच्या वेळी फोटो लहान करून पानावर कसे बसवायचे, ते सांगू.